खिंडीत भेटला मराठी माणूस

शहाजीचा हात तोंडाच्या आधी बोलायचा. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपांच्या पोटातली तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची, हे वर्षानुवर्षं करून त्याची मनगटं अशी झाली होती की त्याने नमस्कार केला तरी समोरचा मागे सरायचा. दारात स्कूटर आडवी लावणाऱ्याला त्याने स्कूटरसकट गटारात घातलं होतं. एका लग्नात पंगतीवरून वाद झाला, तर सख्ख्या चुलतभावाचं खांद्याचं हाड मोडलं. मग पश्चात्ताप होऊन त्याला दवाखान्यात न्यायला ऑटो बोलावली, आणि वाटेत ऑटोवाल्यालाही एक ठेवून दिली. भाऊ मागच्या सीटवरून विव्हळत होता, "अरे, आधी मला तरी पोचव कीं!"

त्या दिवशी त्याची बायको चंद्रमती ओरडली नाही. ती शाळेत गणित शिकवते. उत्तर आलं की खाली रेघ मारून मोकळी होते. तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"ऐका. आणखी एकदा कुणावर हात उचललात कीं मी तिरुवैयारूला आईकडे. समजवायला येऊं नका."

तिच्या ओरडण्याची शहाजीला सवय होती, शांतपणाची नव्हती. तो घाबरला. जन्मात पहिल्यांदाच.

उपाय काढला तिच्या धाकट्या भावाने. रघोजी बँकेत कारकून, अंगाने अगरबत्तीची काडी, पण डोकं चालणारं. म्हणाला, "भावोजी, डोंगरात चला माझ्याबरोबर. तिकडे मारायला माणूसच नसतो."

तंजावूरच्या माणसाला डोंगर काय ठाऊक? इथे चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. पळनीच्या डोंगरात पहिल्यांदा बुलेट घातली तेव्हा चौथ्या वळणावर शहाजीने ब्रेक दाबून विचारलं, "हे अजून वर जातं?"

"आतां तर सुरू झालं."

पण मग त्याला वेडच लागलं. वर एक तळं होतं, आणि त्याच्या भोवतीच्या कड्यांत तीन-चार खिंडी. डांबर संपेपर्यंत बुलेट, पुढे पायी. वाट गवतातून निघून झाडीत शिरायची, झाडीतून धुक्यात, आणि धुकं फाटलं की पायाखाली एकदम तळं, कुणी डोंगराच्या पोटात सुरा खुपसून काढून घेतल्यावर राहिलेल्या खाचेसारखं. खिंडीच्या तोंडाशी वारा असा थोबाडीत मारायचा की शहाजीला वाटायचं, चला, कुणीतरी जोडीचा भेटला. तो वाऱ्याला शिव्या घालायचा, धोंडे उचलून दरीत भिरकावायचा, ते फुटल्याचा आवाज ऐकायचा. एकदा धुक्यातून रानगवा समोर आला, नाकातून फुसफुसत. रघोजी झाडावर. शहाजी मात्र जागचा हलला नाही. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ बघितलं आणि गवाच निघून गेला.

"त्याला कळलं," रघोजी झाडावरून म्हणाला, "आपल्यापेक्षा वाईट जनावर आहे."

अशी तीन वर्षं गेली. हात उचलला गेला नाही. गल्लीतल्या लोकांनी धीर करून पुन्हा त्याच्या दारात स्कूटरी लावायला सुरुवात केली.

आता आमच्या तंजावूरच्या मराठी माणसांची एक खोड सांगायला हवी. घराबाहेर सगळं जग तमिळ, म्हणून मराठी हा आमचा पडदा. भाजीवालीच्या तोंडावर तिच्या वांग्यांची निंदा करायची, बसमध्ये शेजारच्याच्या टकलावर चर्चा करायची, ती सगळी मराठीत, हसऱ्या चेहऱ्याने. कुणाला काय कळतंय? पिढ्यान्‌पिढ्या हा पडदा फाटलेला नाही. त्यामुळे पडद्याला पलीकडची बाजू असते हेच आम्ही विसरून गेलो.

यंदाच्या थंडीत दोघे तळ्याकाठच्या टपरीवर सुंठीची कॉफी पीत होते. शेजारी भाड्याच्या बाइक लावून चौघेजण उभे, नंबरपाट्या तमिळनाडूच्या, आपापसात चाललेलं इंग्रजी आणि हिंदी. त्यातला दाढीवाला गुडघ्याला, कोपराला, छातीला प्लास्टिकची चिलखतं बांधून आलेला. त्याची बायको लांब तळ्याचे फोटो काढत होती.

"हा बघ," शहाजी हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "लढाईला निघालाय. पोट मात्र किल्ल्याबाहेरच राहिलं."

रघोजीला ठसका लागला. "आणि बायको बघितलीत? घाटात त्याला धरून नव्हती बसली. सीट धरून बसली होती."

"शहाणी आहे. हा पडणार, सीट नाही पडणार. अशा नवऱ्यापेक्षा सीट बरी."

दाढीवाल्याने कप खाली ठेवला.

"काय म्हणालास रे भडव्या?"

शहाजीला आधी आनंदच झाला, हे खरं सांगतो. उभ्या आयुष्यात तंजावूरबाहेरच्या माणसाने त्याच्याशी मराठीत बोलण्याची ही पहिलीच वेळ. "तुम्ही मराठी?" त्याने हात पुढे केला.

त्या हाताला उत्तर नाकावर मिळालं. टपरीवाला "अय्यो" म्हणेपर्यंत दुसरा ठोसा बसला होता. शहाजीच्या ओठातून रक्त शर्टावर उतरलं. त्याने काय केलं? दोन्ही हात काखेत दाबून धरले, स्वतःचेच, चोर पकडल्यासारखे.

"चुकलं," तो म्हणाला. "माफ करा. चूक आमची."

"नीट बोल! पाया पड!"

तो पाया पडला. रघोजीने हे बघितलं आणि त्याचे डोळे भरले. दाढीवाल्याचे मित्र त्याला ओढून घेऊन गेले, त्यांच्या पिशवीत बाटल्या किणकिणत होत्या.

"घरी जाऊंया, भावोजी."

"नको. हात शिवशिवताहेत. खिंडीपर्यंत चढतो, तिथे उतरेल ते."

ते चढले. शहाजी वाटेतल्या झाडांना गुद्दे मारत चढला. खिंडीत पोचले तेव्हा वारा पडलेला होता, आणि त्याला शिव्या तरी कुणाला द्यायच्या कळेना. तो धोंडा शोधायला कड्याच्या आडबाजूला गेला.

मागून दाढीवाला आला. एकटाच, प्यायलेला. मित्रांसमोर शहाजीला पाया पाडूनही बायकोवरून झालेला अपमान त्याच्या घशातून उतरला नसावा. त्याला आधी रघोजी दिसला. "सीट बरी काय?" एवढंच म्हणून त्याने रघोजीचा गळा धरला आणि त्याला काठावर नेलं. खाली तळं. रघोजीच्या टाचांखालची माती सुटून गडगडत गेली.

शहाजी वळला तेव्हा रघोजीची जीभ बाहेर आली होती.

एका क्षणात त्याच्या डोक्यात चंद्रमती येऊन गेली, तिचा शांत आवाज येऊन गेला. मग त्याने हात सोडला.

पहिला ठोसा कानाखाली बसला. दाढीवाल्याची पकड सुटली, रघोजी गवतात कोसळून खोकू लागला. दाढीवाला गुडघ्यावर आला. दुसऱ्या ठोशाला त्याचा जबडा वाजला, सुक्या फांदीसारखा. तो आडवा झाला. शहाजी त्याच्या छातीवर बसला. ती प्लास्टिकची चिलखतं तडकली. हात खाली जात होता, वर येत होता. बोटांतलं एक हाड मोडल्याचं त्याला कळलं आणि तरी तो थांबला नाही. तीन वर्षांचे धोंडे तो एका तोंडावर टाकत होता. दाढीवाला आधी शिव्या देत होता, मग "नको" म्हणत होता, मग काहीच म्हणेना.

रघोजी खोकत, रांगत आला आणि पाठीमागून भावोजींच्या गळ्यात पडला. "बास! मेला तो! बास कीं हो!"

मेला नव्हता. टपरीवाल्याच्या जीपमधून त्याला खाली नेलं, जबडा तारेने बांधला. दाढीवाल्याकडून तक्रार आली नाही. त्या जंगलात दारूला बंदी, ती नेलेली पुढे आली असती.

घाट उतरताना बुलेट रघोजीने चालवली. "अक्काला सांगूं, गाडीवरून पडलो," तो फाटक्या आवाजात म्हणाला. पण त्याच्या गळ्यावर पाच बोटं निळी उमटली होती. गाडीवरून पडून असा गळा कुणाचा होत नाही.

चंद्रमतीने दार उघडलं. आधी भावाचा गळा पाहिला, मग नवऱ्याचा हात. सगळं ऐकून घेतलं. खिंडीतलं ऐकताना तिने भावाचं मनगट घट्ट धरलं.

"माझ्या भावाला वाचवलंत," ती म्हणाली. "त्यासाठी कुणी तुम्हांला काही म्हणणार नाही, मीसुद्धा. तो गुडघ्यावर आला, मग थांबलात?"

"थांबले कीं, अक्का," रघोजी घाईने म्हणाला. "लगेच थांबले."

"तुला नाही विचारलं."

शहाजीला खोटं बोलता आलं असतं. साक्षीदार त्याच्या बाजूचा होता. पण तो आपल्या सुजलेल्या हाताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नाही थांबलो. बरं वाटत होतं."

चंद्रमती उठली. तिने भात कालवला आणि त्याचा उजवा हात निकामी, म्हणून एकेक घास करून त्याला भरवला. ताट धुतलं. सकाळी पिशवी भरली.

"पुन्हा कुणी खाली पडला, तर थांबाल?" दारात तिने विचारलं. "हो असेल तर आज बस चुकवते."

शहाजीने तोंड उघडलं. गल्लीतून स्कूटर गेली, तिचा आवाज विरेपर्यंत तो तसाच उभा होता.

रघोजीने पिशवी उचलली. जाताना वळून तो भावोजींकडे अशा डोळ्यांनी बघत होता, जणू म्हणत होता, एक शब्द टाका. दोघं गेली.

बसने अर्ध्या तासावर तिरुवैयारू. हात बरा झाला, दुकान उघडलं, पण तो तिकडे अजून गेलेला नाही. रघोजी आठवड्याला येतो, विचारतो, "कधी येताय?" शहाजी तार गुंडाळत म्हणतो, "तिच्यासाठी उत्तर घेऊनच यायचंय ना. अजून 'नाही'च येतंय."