विल्मार, दोन पोरं आणि मिलानेसा

विल्मार उरुतियाचं आयुष्य माणसांपेक्षा कणकेशी बोलण्यात जास्त गेलं होतं. सातासमुद्रापलीकडच्या दुरास्नो गावात त्याची बेकरी. गाव साखरझोपेत असताना हा उठायचा आणि गाव रात्रीच्या जेवणाला बसायचं तेव्हा हा घोरायला लागायचा. अशा माणसाचं लग्न जमावं कसं? कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, "दुपारची झोप झाल्यावर अर्धा तास मोकळा असतो. तेवढ्यात बसणारी कुणी असली तर सांगा."

अशी एक निघाली. रोसाना दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी संपवून घरी जाताना ती भट्टीतून निघालेल्या पहिल्या घाण्यातले बिस्कोचो, म्हणजे खुसखुशीत छोटे पाव, न्यायची. सगळ्या गावात त्या वेळी जागे असलेले हे दोघेच, त्यामुळे निवड करायला फारसा वाव नव्हता, असं रोसाना स्वतःच सांगते. ती त्याला लाडानं 'जाड्या' म्हणायची आणि तो ते कौतुक समजायचा.

रोसानाबरोबर आणखी तिघं होती. बारा वर्षांची मिकाएला, सहा वर्षांचा बाउतिस्ता आणि मिलानेसा. मिलानेसा ही कुत्री. लहान असताना एका रविवारी तिनं टेबलावर उडी मारून पोरांच्या आजीच्या ताटातली मिलानेसा, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मांसाचा काप, अख्खी पळवली होती. आजी ओरडत राहिली, "मिलानेसा, मिलानेसा!" आणि पिल्लाला वाटलं, आपलंच नाव घेतायत.

बेकरीच्या मागे विल्मारचं घर होतं आणि त्यात नुसतीच हवा खेळणाऱ्या दोन खोल्या होत्या. सगळ्यांनी तिथे राहायला यावं, एवढीच त्याची इच्छा. पण रोसानानं स्पष्ट सांगितलं होतं, "पोरं हो म्हणाली तर येऊ. नाही म्हणाली तर तू तुझ्या घरी, आम्ही आमच्या. बिस्कोचो तुझ्याकडूनच नेऊ, काळजी नको."

बाउतिस्ता भट्टी बघताक्षणी हो म्हणाला. मिकाएला काहीच म्हणाली नाही. ती विल्मारशी वागायची अगदी सभ्यपणे, आणि तीच तर अडचण होती. तिकडची पोरं बाईंना, डॉक्टरांना, खुद्द पाद्रीबाबांनाही अरे-तुरे करतात. मिकाएला मात्र विल्मारला 'तुम्ही' म्हणायची. त्या एका शब्दात ती त्याला अंगणाच्या फाटकाबाहेर उभं करायची.

जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळी सुट्टीत, समुद्रावर, ला पालोमाला एक लाकडी खोपटं भाड्यानं घ्यायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी रोसानाच्या दवाखान्यातल्या जोडीदारणीचा पाय मोडला आणि रोसानाला रजा मिळेना.

"तू पोरांना घेऊन पुढे हो," ती म्हणाली. "मी शनिवारी बसनं येते."

"मी एकटा?"

"एकटा कसा? तिघं आहेत की बरोबर."

"तेच म्हणतोय."

"जाड्या, दोनशे पाव एका वेळी सांभाळतोस. ही तर तीनच आहेत."

पाव उलटून बोलत नाहीत, असं विल्मारच्या ओठांवर आलं होतं. पण मिकाएला शेजारीच उभी होती.

सकाळी गाडी निघाली. मागे एका खिडकीशी कानात गाणी घातलेली मिकाएला, दुसरीशी बाउतिस्ता, मधे मिलानेसा. पुढे विल्मारच्या शेजारी गरम पाण्याचा थर्मास, पट्टा लावून. मराठी माणसाला 'माते' म्हटलं की आरती आठवेल, पण हे माते म्हणजे कडू पाल्याचं पेय. भोपळ्याच्या वाटीत पाला भरायचा, वर गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीनं ओढायचं. याच्याशिवाय त्या देशातलं माणूस कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जात नाही. गाडीत ते ओतून द्यायचं काम पुढे बसणाऱ्याचं. पुढे थर्मासच बसल्यामुळे विल्मारला दर घोटासाठी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागत होती. मिकाएला आरशातून ते सगळं बघत होती. पुढे येऊ का, असं काही तिनं विचारलं नाही.

"मिलानेसाला भूक लागलीय," बाउतिस्ता म्हणाला.

मिलानेसा गाढ झोपली होती.

"तिनं तुला सांगितलं?" विल्मारनं विचारलं.

"हो. तिला गोड बिस्कोचो हवाय. आतून दुधाची मिठाई भरलेला."

डबा मागे गेला. थोड्या वेळानं मिलानेसाला तहान लागली. मग तिला शू लागली, आणि ती मात्र फारच घाईची निघाली. सारांदी गाव मागे टाकल्यावर एक पेट्रोल पंप दिसला तिथे विल्मारनं गाडी घेतली. बाउतिस्ता धावला. मिकाएला गाडीतच बसून राहिली, डोळे मिटून. विल्मारनं मिलानेसाला सावलीत झाडाशी बांधलं आणि तो गरम पाणी भरून घ्यायला गेला. पंपावरच्या माणसाशी कुठला पाला जास्त कडू यावर थोडी चर्चा झाली, ती लांबली. परत येऊन त्यानं गाडी सुरू करण्यापूर्वी नीट तपासून पाहिलं. थर्मास आहे. माते आहे. पाला आहे. आरशात दोन डोकी आहेत.

निघाले.

दोन्ही बाजूंना गवत, गवतात गाई. बराच रस्ता मागे पडल्यावर बाउतिस्ता डुलकीतून जागा झाला. "मिलानेसाला भूक लागलीय."

"आधी तिला विचार तरी," असं म्हणत मिकाएलानं तिला थोपटायला हात पुढे केला. हात गादीवर पडला.

"थांब," ती म्हणाली. "गाडी थांबव. तू मिलानेसाला विसरलास."

विल्मारनं ब्रेक दाबला.

"थर्मासला पट्टा लावतोस आणि कुत्री विसरतोस? तुझं डोकं आहे का खमिराचा गोळा?"

'तूसुद्धा तिच्या शेजारीच बसली होतीस' असं म्हणता आलं असतं. विल्मार म्हणाला, "विसरलो. माझी चूक." आणि त्यानं गाडी वळवली. ती आपल्याला 'तू' म्हणाली, हे त्याच्या फार पुढे जाऊन लक्षात आलं. पण आनंद मानायची ती वेळ नव्हती.

"पक्की बांधलीय मी," तो म्हणाला. "पिठाच्या पोत्याला मारतो ती गाठ."

"ती गाठ सोडत नाही," मिकाएला रडत म्हणाली. "दोर चावते."

झाडाशी अर्धाच दोर लोंबत होता. बाउतिस्तानं त्याचं चावलेलं टोक हातात घेतलं. रस्त्यावरून एक भला मोठा ट्रक धाडधाड करत गेला आणि तिघांनीही तिकडे पाहणं टाळलं. विल्मार हाका मारत पंपाच्या मागे धावला, मागोमाग पोरं.

मागच्या बाजूला निखाऱ्यांवर मांस भाजत होतं. भोवती चार ट्रकवाले बसले होते. त्यांच्यात पाचवी मिलानेसा, तोंडात बरगडी. तिनं या तिघांकडे पाहिलं. इतक्या लवकर कशाला आलात, असा तिचा चेहरा होता.

"तुमची आहे होय?" एक म्हातारा ट्रकवाला म्हणाला. "आम्ही हिला वाटणीला धरली होती."

"घाईत राहिली," विल्मार धापा टाकत म्हणाला.

म्हाताऱ्यानं त्याच्या डाव्या बगलेकडे पाहिलं. एवढ्या धावपळीतही थर्मास तिथे होता. "तो नाही राहिला वाटतं."

आधी ट्रकवाले हसले. मग, मिलानेसाच्या मानेत तोंड खुपसून बसलेली मिकाएला हसली. आधी नाकातून, मग आवरेनाच. विल्मारनं थर्मास बगलेतून काढला, पण तो ठेवायला कुठे जागा सापडेना, म्हणून पुन्हा तिथेच घातला. त्यावर तर बाउतिस्ताही खाली बसून हसला.

परत निघताना मिकाएलानं पुढचं दार उघडलं, विल्मारनं थर्मासला सवयीनं पुन्हा लावलेला पट्टा सोडला आणि थर्मास मांडीवर घेऊन ती बसली. पहिली कडू वाटी ओतणाऱ्यानं प्यायची, त्या रीतीप्रमाणे ती तिनं स्वतः संपवली, तोंड वाकडं न करता. दुसरी भरून त्याच्या हातात दिली.

"तुझ्या घराचं मागचं दार उघडतं का?" तिनं विचारलं.

"अडकतं. लाकूड फुगलंय."

"मिलानेसाला रात्री अंगणात जायला लागतं. दुरुस्त करून घे."

"मार्चपर्यंत करतो."

"मार्चमध्ये शाळा सुरू होते. मला त्याआधी खोली लावायचीय. फेब्रुवारीत कर."

विल्मारनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. हलवली असती तर गाडी गाईंमध्ये गेली असती.

"बरं," तो म्हणाला.

"आणि मला पहाटे उठवायचं नाही. पाव जळले तरी."

"मलाही नाही," मागून बाउतिस्ता म्हणाला. "मिलानेसाला उठवा. तिला चालेल."

विल्मारनं शेवटचा घोट नळीतून खळखळ वाजवून ओढला. तिचे आभार मानायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मातेची वाटी परत देताना आभार मानले, तर त्याचा अर्थ होतो, पुरे, आता मला नको. मग वाटी पुन्हा आपल्याकडे येत नाही. म्हणून रिकामी वाटी त्यानं नुसतीच तिच्यापुढे धरली, आणि तिनं ती पुन्हा भरली.