तिसऱ्या दिवसाचा गहू

"मामा, आई गेली," रुचीनं फोनवर सांगितलं. मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "आणि गहू तसाच भिजून राहिला आहे." धक्क्यात माणूस काहीही बोलतं, असं मला वाटलं. मदन महल वस्तीतल्या त्यांच्या घरी पोचल्यावर कळलं, की ती अगदी मुद्द्याचं बोलली होती.

कुमुदताई माझी मावसबहीण. तीस वर्षं तिनं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि दर चैत्रात घरी कुरडया केल्या. तिच्या लेखी दोन्ही एकच काम. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं. तेवढ्यात तो आंबून मऊ होतो आणि वाटून गाळला की पांढरा चीक सुटतो. विद्यार्थिनींना ती सांगे, "पहिल्या दिवशी त्या पाण्यात वाट्टेल तो येतो. मग लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू वाढतात, पाणी आंबट होतं आणि बाकीच्यांना तिथं राहणं जमत नाही. भांडण नाही, भाषण नाही." भाषणांचा तिला मनापासून कंटाळा. तिच्या निवृत्तीच्या समारंभात पाहुण्यांनी पाऊण तास घेऊन सिद्ध केलं, की आपल्या पूर्वजांना जीवाणू ठाऊक होते. घरी येताना ताई म्हणाली, "ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना तीन दिवस थांबायचं कळलं, हे जास्त मोठं नाही का?" समारंभात मिळालेली शाल कपाटात गेली. जानेवारीच्या थंडीत दही लागेना, तेव्हा ती बाहेर निघाली आणि पातेल्याला गुंडाळली गेली. पाहुण्यांना कळवायचं का, मी विचारलं. "काहून? दही लागलं नं," ती म्हणाली.

यंदा गहू भिजवला त्याच संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. भाऊजी गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. दवाखान्यात ताईनं रुचीला एकच काम सांगितलं... घरी जा, पाणी बदल. रुची हो म्हणाली आणि आईच्या खाटेजवळून हलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गेली. तिसऱ्या दिवशी अंत्यविधी आटोपून आलो, तेव्हा मागच्या व्हरांड्यात गव्हाच्या गंजाभोवती, त्या मोठ्या पातेल्याभोवती, आम्ही तिघं उभे होतो: मी, रुची आणि सिहोऱ्याहून आलेल्या तिच्या आत्या, इंदूबाई. पाण्यावर फेस आला होता आणि वास व्हरांड्यात मावत नव्हता.

"फेकून दे बाप्पा," आत्या म्हणाल्या. "सुतकात कोणी वाळवण करते का?"

"आत्या, आईनं एक काम सांगितलं होतं. तेवढंही नाही झालं माझ्यानं," रुची म्हणाली. "सब सड़ गया होगा."

मी एक दाणा उचलून चिमटीत दाबला. पांढरं दूध बाहेर आलं. गहू तयार होता. त्याच्यासाठी कोणी थांबलं नव्हतं आणि त्यानंही कोणासाठी काम थांबवलं नव्हतं. रुचीनं एक दाणा दाबला, मग दुसरा, मग मूठभर.

आत्या कठोर नव्हत्या. दुःखात माणूस कशाला तरी धरून उभं राहतं. त्या नियमाला धरून होत्या. तेवढ्यात शेजारच्या दुबे भाभी आमच्यासाठी पोळ्या घेऊन आल्या, कारण घरात चूल पेटत नव्हती. प्रकरण कळल्यावर त्या म्हणाल्या, "हमको तो सूतक नहीं लगा है," आणि गंज उचलून चालू लागल्या. आत्यांनी तोंड फिरवलं. परवानगी देण्याची त्यांची ती रीत.

भाभींनी आयुष्यात कुरडई केली नव्हती. दुसऱ्या दिवशी रुची मधल्या भिंतीशी उभी राहिली, कशालाही हात न लावता. "चीक बैठ गया नं? ऊपर का पानी फेंकिए. अब उबलते पानी में डालिए... हाथ मत रोकिए भाभी, गुठली पड़ जाएगी."

"तुम्हें किसने सिखाया?"

"किसी ने नहीं," रुची म्हणाली. दरवर्षी आईसमोर ती मोबाइल घेऊन बसलेली असायची. लक्ष नसतं, अशी ताईची तक्रार होती.

तेरवी झाल्यावर आत्यांनी स्वतः कढई ठेवली. कुरडया काळपट, वेड्यावाकड्या. तेलात मात्र फुलल्या. रुचीनं एक तुकडा तोंडात टाकला. "आंबट झाली. पाणी नाही बदललं नं मी." आत्या बराच वेळ चावत राहिल्या.

"तुझ्या आईची लग्नानंतरची पहिली कुरडई याहून आंबट होती," त्या म्हणाल्या. "मी खाल्ली होती."

सिहोऱ्याला परत जाताना त्यांनी चार कुरडया वर्तमानपत्रात बांधून मागितल्या. बाकीचा डबा स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. त्यातलं काही रुची तळत नाही, पण चहा ठेवला की झाकण उघडते, वास घेते आणि पुन्हा घट्ट लावते.