मान नंबर एक

आमच्या मामेसासऱ्यांच्या हातून ज्याचा सत्कार झाला नाही असा माणूस पांढुर्ण्यात तुम्हाला भेटलाच, तर तो एकतर कालच जन्माला आलेला असेल, नाहीतर आज सकाळच्या पॅसेंजरनं स्टेशनवर उतरलेला असेल. हे मी शेजारच्या सौंसरचा असून सांगतो आहे, आणि आम्ही सौंसरवाले पांढुर्ण्याचं कौतुक करायला सहसा तोंड उघडत नाही. मामाजी माझ्या बायकोचे सख्खे मामा. बाजारात कापडाचं दुकान, तेही आता मुलाच्या हवाली केलेलं. अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की दुकानात "या, बसा" म्हटलं तर रस्त्यापलीकडचा सायकलवाला येऊन बसायचा. हा आवाज देवानं आपल्याला कापड विकायला दिलेला नाही, लोकांची नावं घ्यायला दिला आहे, असं त्यांचं ठाम मत. "जवाईबापू, माणसानं दिलं अन् त्याचं नाव नाई घेतलं, तर ते चोरीच झाली ना बाप्पा!" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा माझ्या तोंडात जिलेबी होती आणि मान हलवण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. ती मला पटल्याची खूण आहे असं ते समजले, आणि तेव्हापासून दरवर्षी सत्काराच्या सतरंज्या उचलायला मी त्यांच्या हाताशी असतो.

गहू-हरभरा घरात आला की मामाजींची धान्यफेरी निघते. सरकारी दवाखान्यासमोर एका टिनाच्या शेडमध्ये रोग्यांसोबत आलेल्या नातेवाइकांसाठी स्वयंपाक होतो, त्यासाठी हे धान्य. "रोग्याले दवाखाना जेवाले देते. पण त्याच्याजौळ बसलेली माय का हवा खाऊन राहीन?" एवढा एकच प्रश्न भोंग्यातून विचारत ट्रॅक्टर गल्लीगल्लीतून फिरतो. लोक देतातही. कोणी पायलीभर ज्वारी, कोणी पोतं, बागाइतदार संत्र्यांचे क्रेट, किराणावाले तेलाचे डबे, आणि अलीकडे सौंसरकडच्या एका कारखान्याचा तांदळाचा ट्रक. दुसऱ्या एखाद्यानं त्याच आठवड्यात हारतुरे उरकून टाकले असते. पण मामाजींचा नियम असा की चव घेतल्याशिवाय सत्कार करायचा नाही. महिनाभर ते रोज दुपारी त्या शेडमध्ये पंगतीला बसतात, कोणाचं काय शिजलं हे आचाऱ्याला विचारतात, कोणी खाल्लं हे डोळ्यांनी पाहतात, आणि मग शाळेच्या मैदानावर मांडव घालून देणाऱ्याला त्याच्या धान्याची खुशाली सांगतात. "तिगावच्या बाई, तुमच्या ज्वारीची भाकर एका म्हाताऱ्यानं ठेच्यासोबत खाल्ली अन् ढेकर देल्ला. मी बाजूलेच होतो." अशी बातमी भोंग्यातून ऐकली की त्या बाईचा चेहरा पाहावा. दुसरं मानपत्र तिला कशाला हवं?

अर्थात खुशाली नेहमी गोडच असते असं नाही. एका बड्या किराणावाल्यानं एकदा गोदामात विसरलेली तुरीची डाळ पाठवली. सत्काराच्या दिवशी गडी कडक इस्त्रीत, सोबत फोटो काढायला भाचा. मामाजींनी टिळा लावला, टोपी घातली, दुपट्टा दिला, नारळ दिला आणि माइककडे वळून म्हणाले, "शेठजीची डाळ सकाळपासून शिजून राहिली होती. संध्याकाळपर्यंत शिजूनच राहिली होती. आचारी थकला, पण डाळ नाई थकली." मांडव हसून लोळला. शेठजी लालबुंद. आता हा माणूस पुन्हा दाणा द्यायचा नाही, असं आम्ही धरून चाललो. पण पुढच्या वर्षी त्याच्याकडून अशी डाळ आली की तिच्या वरणाचा वास दवाखान्याच्या फाटकापर्यंत येत होता, आणि मामाजी त्या वरणावर इतकं भरभरून बोलले की शेठजींनी डोळे पुसले.

टोपी-दुपट्ट्याचंही एक शास्त्र आहे. आमच्याकडे लग्नात, बारशात, तेरवीत जो तो टोपी-दुपट्टा देतो, आणि घेणारा तो घडीसुद्धा न मोडता पुढच्या कार्यात देऊन टाकतो. मामाजींनी काय केलं, लोकांच्या कपाटात पडलेले हे दुपट्टे मागून आणायला सुरुवात केली. त्यामुळे मागं एका बागाइतदाराला सत्कारात जो दुपट्टा मिळाला, त्याच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. त्यानं तो उलटून पाहिला आणि ओरडला, "मामाजी, हा तं माह्या पोरीच्या लग्नातला हाय! मी व्याह्याले देल्ला होता!" मामाजी जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "मंग पाहा, किती फिरून आला तुमच्यासाठी. घ्या." आणि नारळ त्याच्या हातात कोंबला.

आणि सगळ्यांत कडक नियम क्रमाचा. जे धान्य आधी आलं, त्याचा मान आधी. ट्रक असो की पायली, मामाजी आल्या आल्या पोत्यावर खडूनं नंबर टाकतात, आणि मांडवात त्याच नंबरानं, गावाच्या नावासकट पुकारतात. "मान नंबर दोन, लोधीखेडा!" हो, दोन. मामाजींचा कार्यक्रम दोनपासून सुरू होतो. लोकांना वाटतं, एक नंबर देवाचा. काही नाही, एक नंबर मामींचा. ट्रॅक्टर घरून निघायच्या आधीच मामी आपल्या कोठीतला निवडलेला गहू सुपानं पोत्यात ओततात, आणि पहिला खडू त्याच पोत्याला लागतो. दरवर्षी. आणि दरवर्षी मामाजी त्यांना सोडून पुढं जातात. विचारलं तर म्हणायचे, "घरच्याचा सत्कार घरच्यानं केला तर लोक हसतीन."

मामींनी कधी तक्रार केली नाही. पण गेल्या वर्षी त्यांचे कान जायला लागले. नागपूरच्या डॉक्टरनं मशीन लावून पाहिलं आणि सांगितलं, थोडे दिवस ऐकू येईल, मग हळूहळू तेही बंद. सौंसरहून मी भेटायला गेलो तेव्हा मामी अंगणात हरभरा पाखडत होत्या. मी जवळ जाऊन ओरडून तब्येत विचारली. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "जवाईबापू, आता काय लपवाचं. सगळ्या तालुक्याचं नाव त्या भोंग्यातून ऐकलं मी. कान बंद व्हायच्या आधी एकदा माह्यं ऐकाचं हाय. बस, तेवढंच." मी छाती ठोकून म्हटलं, "त्यात काय मामी, यंदा माइक माझ्याकडे. मीच पुकारतो!" मामी खळखळून हसल्या. "तुमच्या तोंडून ऐकून का करू? तुमी तं रोजच मामी मामी करता. त्यायच्या तोंडून पाहिजे. अन् त्यायले नाव घेता येत नाई माह्यं. लग्नात घेतलं होतं, तेबी गुरुजीनं मागून ढकललं मनून."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. लोक हसतील वगैरे सगळी बतावणी! आमच्याकडे जुन्या वळणाचा माणूस चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? मामाजी घरात "अवो" म्हणायचे, बाहेर "आमच्या घरी" म्हणायचे, लेकीसमोर "तुही माय" म्हणायचे. अख्ख्या तालुक्याची नावं ज्याच्या जिभेवर, त्याला घरातलं एक नाव उच्चारता येत नव्हतं. मी मामाजींना गाठून मामींची इच्छा सांगितली. त्यांनी दुपट्ट्यांच्या घड्या घालता घालता मान खाली घातली आणि इतक्या बारीक आवाजात म्हणाले की मलाच कान द्यावा लागला, "होत नाई ना पण जवाईबापू. तोंडाशी येते अन् परत जाते."

सत्काराचा दिवस उजाडला. मामी पहिल्या रांगेत, भोंग्याच्या अगदी खाली, कानामागे हात लावून बसलेल्या. शेजारी माझी बायको. माझ्या शेजारी कारखान्याचे साहेब, भोपाळकडचे, मोठा फलक घेऊन आलेले. त्यांना वाटलं होतं, पहिला मान ट्रकचा. मामाजींनी हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, आपका ट्रक बाद में आया. तिगाव की बाई की ज्वारी पहले आयी." त्यामुळे साहेब एक ऑटोवाला आणि एक चहावाली यांच्यामागं आपल्या नंबराची वाट पाहत धुमसत होते. "भाईसाब, ये दो नंबर से क्यों शुरू करते हैं? पहला कौन है?" त्यांनी मला विचारलं. मी गप्प बसणाऱ्यातला नाही. मामींचा गहू, मामींचे कान, मामाजींची जीभ, सगळं सांगून टाकलं. साहेबांनी एकदा मामींकडे पाहिलं, एकदा मामाजींकडे.

त्यांचा नंबर आला. डोक्यावर टोपी जेमतेम टेकली. मामाजींनी खुशाली सांगितली, "तांदूळ चांगला होता, थोडा चिकट झाला, पण लेकरायले चिकटच आवडते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माइक हातात घेतला. "मैं दो घंटे लाइन में बैठा, क्योंकि नियम नियम है. बहुत अच्छा नियम है. तो अब मामाजी बताएं, एक नंबर किसका है?" मग मागून कोणीतरी ओरडलं, "सांगा मामाजी!" आणि बायकांच्या रांगेतून सुरू झालं, "उखाणा! उखाणा!"

मामाजींनी माइक घेतला. फुंकून पाहिला. "हॅलो, हॅलो" केलं. चालू असलेला माइक तपासायला माइकवाल्याला हाक मारली. पाणी मागितलं, प्यायले. त्या माणसाच्या कपाळावर घाम मी पहिल्यांदाच पाहिला. आता हे पुन्हा पुढचाच नंबर पुकारून मोकळे होतील, असं मला वाटलं. त्यांनी हात वर करून बायकांना गप्प केलं.

"उखाणा नाई. हा मान हाय." मग डोळे मिटले. "मान नंबर एक. पांढुर्णा." थांबले. "वच्छला."

भोंगा घुमला. मामींचा कानामागचा हात तसाच राहिला, फक्त तोंड थोडं उघडलं. मामाजी नियमाचे पक्के, खुशाली सांगितल्याशिवाय सोडतात होय? म्हणाले, "हिच्या गव्हाच्या पोया पहिल्या दिवशी झाल्या. एक बाई आली होती, पोरगी भरती होती तिची. कालपासून जेवली नव्हती. पोटभर जेवली." आवाज चिरकला. "चव मले इचाराल तं... मी रोजच खाऊन राहिलो. सांगाचं राहून गेलं."

तिगावच्या बाईंनीच पुढं होऊन मामींना कुंकू लावलं आणि ओटी भरली. साहेब उभं राहून टाळ्या वाजवत होते, टोपी पडली तरी. मी रडलो, त्यात लाजायचं काय? माझी बायको तर हुंदके देत होती. मामी मात्र कोरड्या ठाक. घरी जाताना ऑटोत मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "ऐकू आलं ना मामी?" त्या म्हणाल्या, "आलं तं. लय मोठ्यानं बोलले पण. अंगणात हळूच म्हटलं असतं तरी चाललं असतं." मामाजी पुढच्या सीटवर रस्त्याकडे पाहत बसले होते.

आता मामींना काहीच ऐकू येत नाही. भोंगाही नाही. परवा मी संत्री घेऊन गेलो होतो. मामी पाठमोऱ्या बसून तूर निवडत होत्या. मामाजी आतून आले, माझ्यासमोर, अगदी सहज, हळू आवाजात म्हणाले, "वच्छला, जवाईबापू आले." दिवसभर हेच चालतं म्हणे आता. वच्छला, चहा. वच्छला, उन्हात नको बसू. मामी तुरीत हात घालून तशाच बसलेल्या. मग मामाजी वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उकिडवे बसले, आणि मामींनी मान वर करेपर्यंत थांबून पुन्हा एकदा म्हणाले, "वच्छला."