ओरहान पैलवानाचं मैदान

मारुतीशी माझं बोलणं त्या हिवाळ्यात बंद झालं. भांडून नाही, रागावूनही नाही. जवळच्या माणसाला फोन करायचा राहून जातो आणि मग करावासाच वाटत नाही, तसं काहीसं झालं. जर्सी सिटीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये ओट्याच्या कोपऱ्यात देव आहेत. शनिवारी मी तिथं हात जोडून उभी राहायचे आणि मनात एक शब्द यायचा नाही. आलाच तर प्रश्न यायचा, की माझ्या वडिलांनी तुझं काय कमी केलं होतं?

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मिरजेजवळच्या आमच्या गावात तालमीचे वस्ताद होते. तरुणपणी त्यांनी स्वतः मैदानं मारली आणि पुढं सगळं आयुष्य गावातली पोरं घडवण्यात घातलं. तालमीतल्या मारुतीला तेल-शेंदूर केल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. कुस्ती जिंकून आलेल्या पोराला ते आधी मारुतीपुढं उभं करायचे आणि मगच त्याची पाठ थोपटायचे. आई गेल्यावर ते एकटे पडले, म्हणून २००५ च्या पावसाळ्यानंतर मी त्यांना इकडं घेऊन आले. नवं गाव त्यांना मानवलं असंच वाटत होतं. मी आणि निखिल, माझा नवरा, मॅनहॅटनला ऑफिसला निघालो की तेही कोट चढवून नदीकाठी फिरायला निघायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला 'गुड मॉर्निंग' म्हणायला शिकले होते. आणि थंडी पुरती पडायच्या आत एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

हॉस्पिटलातून त्यांना फिजिओथेरपीच्या सेंटरला न्यायला सुरुवात केली. तिथली माणसं मनापासून काम करणारी होती, पण आप्पाच तयार नव्हते. दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहायचं आणि एकेका पायावर भार घ्यायचा, असा व्यायाम असे. थेरपिस्ट त्यांना 'कम ऑन, अंकल' म्हणून उठवायला बघायची आणि आप्पा भिंतीकडं तोंड फिरवून व्हीलचेअरमध्ये बसून राहायचे. ज्या माणसानं शेकडो पोरांना जोर-बैठका शिकवल्या, त्याला पाय उचल म्हणून कुणीतरी सांगावं, हे त्यांना सोसत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की शरीर अजून साथ देईल, पण मनानं सोडलं तर खुर्चीच कायमची राहील. त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं की पुढच्या महिन्यापासून शनिवारचा उपासही सोडायचा.

तसं काही करायची वेळ आली नाही. त्याच आठवड्यात सेंटरमध्ये एक माणूस दिसला. दारातून आत येताना त्याला मान खाली घालावी लागली, इतका तो उंच होता, आणि रुंदीला आमच्या फ्रिजसारखा. खांद्याचं ऑपरेशन झालेलं असावं, कारण हात झोळीत बांधलेला होता. तो आपली पाळी यायची वाट बघत समोर बसला होता आणि बराच वेळ आप्पांकडं टक लावून बघत होता. मला जरा अवघडल्यासारखं झालं. मग माझ्या लक्षात आलं, तो आप्पांचे कान बघत होता. वर्षानुवर्षं घासून-चेंगरून पैलवानांचे कान फुलकोबीसारखे होतात, तसे आप्पांचे आहेत. आणि त्याचेही तसेच होते.

तो उठला, आमच्याजवळ आला आणि एवढा मोठा देह घेऊन आप्पांच्या खुर्चीसमोर चक्क जमिनीवर बसला. स्वतःच्या कानाला हात लावला, मग आप्पांच्या कानाकडं बोट केलं आणि विचारलं, "पेहलिवान?"

आप्पांनी भिंतीकडची मान वळवली. त्याच्याकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले आणि जडशी, पण अगदी ओळखू येणारी हाक बाहेर पडली, "पैलवान."

आजारपणानंतरचा त्यांचा तो पहिला शब्द. मी त्यांचा कोट हातात धरून उभी होते, ती तशीच उभी राहिले. त्या माणसानं पुढं विचारलं, "उस्ता?" आप्पा म्हणाले, "वस्ताद." तेव्हा त्यानं आप्पांचा निर्जीव उजवा हात उचलला, त्याचं चुंबन घेतलं आणि तो आपल्या कपाळाला लावला. आप्पांचा डावा हात आपोआप त्याच्या मानेवर गेला. तालमीत शिष्याच्या मानेवर टाकायचे, अगदी तसाच.

त्याचं नाव ओरहान. तो तुर्कस्तानचा, फ्रीस्टाइल कुस्तीतला हेवीवेट पैलवान. पुढं हळूहळू, त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून आम्हाला त्याची सगळी हकिगत कळली. काळ्या समुद्राजवळच्या एका खेड्यात त्याचे आजोबा अंगाला तेल चोपडून गवतावर कुस्ती खेळायचे, त्यांच्याकडं तो पहिला डाव शिकला. मग सरकारी कुस्ती केंद्र, मग मॅट, मग देशाचा संघ. दोनदा युरोपचा अजिंक्यवीर झाला. त्याच्या गावातल्या चहाच्या दुकानात भिंतीवर त्याचा फोटो लागला. आणि ऐन भरात असताना एका उपांत्य लढतीत प्रतिस्पर्ध्यानं हात पिळला आणि खांदा फाटला. देशात एक ऑपरेशन फसलं. संघातली जागा एका तरुण पोराला मिळाली. इथून जवळच पॅटरसनला त्याच्या बहिणीची बेकरी होती, तिनं त्याला इकडं बोलावून घेतलं आणि दुसरं ऑपरेशन करवलं. आता खांदा बरा झाला की बेकरीची गाडी चालवायची, असं तो म्हणायचा. तिशी उलटलेल्या पैलवानाला परत कुणी बोलावत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मी सेंटरवाल्यांना विनंती करून दोघांच्या वेळा एक करून घेतल्या. आमच्यासाठी जे आप्पांनी केलं नाही, ते ओरहानसमोर करायला लागले. पैलवानासमोर बसून राहायचं कसं? दांड्या धरून ते उभे राहायचे तेव्हा ओरहान शेजारी उभा राहायचा. त्यांनी एका पायावर भार घेतला की तोही एक पाय उचलून तसाच उभा. त्याचा खांदा दुखावलेला, पायाला काही झालेलं नव्हतं. त्याला तो व्यायाम कुणी सांगितलेला नव्हता. आप्पांना सोबत म्हणून तो उभा राहायचा. डुलायला लागला की आप्पा डाव्या हातानं त्याच्या मांडीवर चापट मारायचे. सगळा वसंत आणि सगळा उन्हाळा ते दोघं असे बगळ्यांसारखे शेजारी शेजारी उभे असायचे आणि थेरपिस्ट हसत राहायची. आप्पांचे शब्द परतायला लागले तेही तालमीतूनच. आधी 'डाव' आला, मग 'पट', मग 'दम'. माझं नाव त्यानंतर आलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ओरहान घरीही यायला लागला. येताना बहिणीच्या बेकरीतला गरम पाव आणायचा. एकदा त्यानं ओट्यावरच्या मारुतीकडं बघून विचारलं, हे कोण? मी म्हटलं, पैलवानांचा देव, याला आम्ही तेल वाहतो. आम्ही तेल स्वतःच्या अंगावर ओततो, तो म्हणाला, आणि छातीवर हात ठेवून त्यानं मान लववली. मी त्याला सहज विचारलं, कुस्तीआधी तू काय मागतोस, जिंकू दे म्हणून?

"जिंकणं कसं मागू? समोरचाही तेच मागत असणार," तो म्हणाला. "मी म्हणतो, मला मैदान दे. पुढचं तुझं."

मैदान हा शब्द त्यांच्याकडंही मैदानच आहे. आप्पांनी तो ऐकला आणि जोरजोरात मान हलवली.

पुढच्या हिवाळ्यात ओरहाननं पुन्हा मॅटवर पाय ठेवला. जवळच्या एका क्लबात तो सराव करू लागला. शनिवारी आम्ही आप्पांना तिथं घेऊन जायचो. ते काठी टेकत आत जायचे आणि बाकावर बसून बघायचे. त्याच्या देशातून निरोप आला की संघात जागा नाही. मात्र न्यू जर्सीत निमंत्रितांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती, तिथं जिंकलास तर निवड चाचणीला बोलावू. सगळं त्या एका स्पर्धेवर आलं होतं. हरला असता तर त्यानं पुन्हा बूट बांधले नसते, हे त्यानं मला सांगितलं नाही. पण त्याच्या बहिणीला तो तसं बोलला होता.

२००७ च्या वसंतातली ती दुपार माझ्या डोळ्यांसमोर आहे. हॉल गच्च भरलेला. सुरुवातीच्या कुस्त्या ओरहाननं सहज मारल्या. अंतिम लढतीत समोर आला तो इथला एक तरुण, कॉलेजांचा विजेता, ओरहानपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि विजेसारखा चपळ. हॉल सगळा त्याचा होता. आमच्या बाजूला ओरहानची बहीण, निखिल, मी आणि आप्पा. पहिला राउंड पोरानं घेतला. दुसऱ्यात ओरहाननं पायाला हात घालून असा पट काढला की पोर चीत होता होता वाचलं, आणि तो राउंड ओरहानचा झाला. तिसरा राउंड निकालाचा. दोघंही दमलेले, एकमेकांच्या माना धरून रेटत राहिले आणि वेळ संपली तेव्हा फळ्यावर दोन्हीकडं शून्य.

तेव्हाचा नियम असा होता, की बरोबरी झाली की पंच पिशवीतून एक रंगीत चेंडू काढायचा. ज्याचा रंग निघेल त्यानं समोरच्याचा एक पाय दोन्ही हातांनी धरायचा आणि तिथून कुस्ती सुरू करायची. अर्ध्या मिनिटात त्यानं गुण मिळवला तर तो जिंकला, नाही मिळवला तर दुसरा. पाय धरणारा बहुतेक वेळा जिंकतोच. पंचांनी चेंडू काढला. पोराचा रंग निघाला.

हॉलमध्ये एकच आरोळी उठली. ओरहानच्या बहिणीनं डोळे झाकले. मी सवयीनं मारुतीला काहीतरी कबूल करायला निघाले, उपास, अभिषेक, काय जे असेल ते, आणि मला ते जमेना. इतक्या महिन्यांचा अबोला आड आला असेल. पण मग त्या गोंधळात मनात आपोआप उमटलं, तुझं तू बघ. मी तुला काही सांगणार नाही. आणि माझे खांदे सैल पडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि कुस्ती तर अजून सुरूही झाली नव्हती.

शिट्टी वाजली. ओरहान एका पायावर उभा होता. पोरानं दुसरा पाय छातीशी आवळला आणि त्याला ढकलत, ओढत, गोल फिरवायला सुरुवात केली. ओरहान एका पायावर उड्या मारत मागं गेला, थांबला, वजन खाली सोडलं. पोरानं पुन्हा उचललं, तो पुन्हा थांबला. माझ्या शेजारी हालचाल झाली म्हणून मी वळून पाहिलं. आप्पा उभे होते. काठी खुर्चीलाच टेकलेली होती. पुढच्या खुर्चीची पाठ डाव्या हातानं धरून ते मॅटकडं बघत होते आणि शांत आवाजात, तालमीत बोलायचे तसं म्हणाले, "घाई नको पैलवान. त्यो दमतोय. हुबा ऱ्हा."

शब्द शब्द करून बोलणारे माझे वडील सलग बोलले होते. त्या कोलाहलात ओरहानला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि गेलं असतं तरी त्याला मराठी कुठं येतं? पण तो उभा राहिला. पोराचा श्वास तुटत चालला, पकड ढिली झाली, आणि शेवटच्या क्षणी ओरहाननं कमरेतून वळून पाय सोडवला. शिट्टी वाजली. पंचांनी ओरहानचा हात वर केला.

जो हॉल त्याच्या विरुद्ध होता, तोच आता उठून टाळ्या वाजवत होता. ओरहान घामानं निथळत थेट आमच्याकडं आला, आप्पांचा हात कपाळाला लावून रडायला लागला. आप्पांनी डाव्या हातानं असा दणदणीत शड्डू ठोकला की पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. नंतर ओरहान मला म्हणाला, पाय धरला गेला तेव्हा भीती वाटली नाही. आपण थेरपीच्या हॉलमध्येच उभे आहोत असं वाटलं, शेजारी उस्ता आहेत आणि अजून थोडा वेळ उभं राहायचंय.

यात देवाचं किती आणि माणसाचं किती, हे मी ठरवत बसत नाही. ओरहानचा खांदा फाटला नसता तर तो त्या सेंटरमध्ये आला नसता. आप्पा आजारी पडले नसते तर एका पायावर उभं राहायची पाळी त्या दोघांवर आली नसती. जे मी माझ्या घरावरचं संकट म्हणून धरून बसले होते, त्यातूनच वाट निघत होती आणि मला ती दिसत नव्हती.

ओरहान मायदेशी गेला, चाचणी जिंकला आणि पुढच्या वर्षी पुन्हा युरोपचा अजिंक्यवीर झाला. त्याच लढतीनंतर त्यानं कुस्ती सोडली. त्याच्या बहिणीनं आम्हाला बेकरीत बोलावून ते चित्रण दाखवलं. निवृत्त होणारा पैलवान आपले बूट मॅटच्या मधोमध ठेवून निघून जातो, अशी त्या खेळात रीत आहे. ओरहान सुवर्णपदक गळ्यात घालून मॅटवर परत आला, खाली बसला, सावकाश बूट सोडले, जोडीनं नीट ठेवले, त्यांच्यापुढं डोकं टेकलं आणि नुसत्या मोज्यांनी चालत निघाला. सगळं स्टेडियम त्याचं नाव घेत होतं. तो हसत होता. मागं वळून त्यानं बुटांकडं पाहिलंही नाही.

आप्पा समाधानानं म्हणाले, "ब्येस सोडलं."

मिळालेलं सगळं ओंजळीत घेऊन तसंच परत ठेवता यावं, एवढं बळ ज्यानं ओरहानला दिलं, त्याला मी तिथंच, पॅटरसनच्या त्या बेकरीत, हात जोडले. काही मागायचं राहिलंच नव्हतं.