कडकबाईंनी स्क्रीन निवडली

लॉन्ड्रीवाल्या बाईंना सगळे कडकबाई म्हणतात. समोरही म्हणतात, मागेही म्हणतात, आणि बाईंची त्याला हरकत नाही. नाव इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, हे विचारायची अजून कुणाची छाती झालेली नाही. वय बासष्ट. गुडघे अधूनमधून कुरकुर करतात, पण ती ऐकून घ्यायला त्यांना सवड नसते.

एकोणिसाव्या वर्षी त्या दुसऱ्याच्या लॉन्ड्रीत कामाला लागल्या आणि पुढची पंचवीस वर्षं उभ्या राहिल्या. अहो, खरंच उभ्या. इस्त्रीच्या टेबलापाशी बसून काम होत नाही. मधल्या काळात मालक थकला, लॉन्ड्री बाईंकडे आली, दोन टेबलांची चार झाली, नवरा गेला, मुलगा हाताशी आला, आणि बाई आपल्या उभ्याच. गरम कापडाच्या घड्या घालून घालून बोटांची टोकं अशी घट्ट आणि गुळगुळीत झाली, की जो चहाचा ग्लास दुसऱ्याला धरवत नाही तो हातात घेऊन त्या निवांत गप्पा मारतात.

मग चव्वेचाळिसाव्या वर्षी एके दिवशी गाडीवाला भांडला आणि किल्ली फेकून निघून गेला. बाहेर व्हॅन उभी, आत दवाखान्याच्या धुतलेल्या चादरी, आणि दवाखान्याचे फोनवर फोन. बाईंनी हौस म्हणून कधीतरी शिकवणी लावून परवाना काढला होता आणि कपाटात ठेवून दिला होता. तो बाहेर काढला. पहिल्या आणि दुसऱ्या गियरमध्ये अख्खं शहर ओलांडून चादरी पोचवल्या. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला. बाईंना त्याचं काहीच नव्हतं, कारण त्या बसल्या होत्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा काम करता करता बसल्या होत्या, आणि समोर काचभर रस्ता होता. त्या दिवसापासून व्हॅनची किल्ली त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. रोज दोन फेऱ्या, सकाळची आणि दुपारची. त्या दोन फेऱ्यांत त्यांना कुणी हाक मारत नाही, कुणी हरवलेला शर्ट मागत नाही. बेसूर गाणंही म्हणता येतं.

तीन आठवड्यांपूर्वी मात्र घोळ झाला. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक नवा दवाखाना मिळाला होता, ऑपरेशनं करणारा. तिकडच्या रस्त्यांचा भरवसा नाही, आज उजवीकडे वळायला परवानगी, तर उद्या मध्ये कठडा. बाई पुलावर चढायच्या ऐवजी पुलाखालून गेल्या आणि चाळीस मिनिटं भलतीकडेच फिरत राहिल्या. डॉक्टरांचे हिरवे झगे गाडीत, आणि डॉक्टर हात धुऊन उभे. दवाखान्याच्या मॅनेजरनं मुलाला फोनवर जे सुनावलं, त्यातलं निम्मंच त्यानं आईपर्यंत आणलं. जेवताना हळूच म्हणाला, की गाडीत नकाशा दाखवणारी स्क्रीन बसवून घेऊ.

बाई एका शब्दात हो म्हणाल्या. उगाच कुणाचा गैरसमज नको, त्यांना यंत्रांचं वावडं नाही. त्या भागात वाफेची इस्त्री पहिली त्यांनीच आणली. आपण रस्ता चुकलो हे त्यांना स्वतःलाच फार लागलं होतं. पोराला आपली काळजी आहे म्हणून त्यांचा ऊर भरून आला. तो बोलताना ताटाकडेच बघत होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी सकाळची फेरी उरकून दोघं दुकानात गेले. लांबट, अरुंद खोली. एका भिंतीवर प्लायवूडमध्ये बसवलेल्या वीस-पंचवीस स्क्रीन, सगळ्यांवर एकच धबधबा कोसळतोय. मागच्या काचेच्या दाराआड गाड्या घ्यायची जागा, तिथून सोल्डरिंगचा धूर आत येत होता. सेल्समन टापटीप, तोंडात खडीसाखर. त्यानं एकेक करून सांगायला सुरुवात केली. ही नऊ इंची, ही दहा इंची, हिच्यावर मागचा कॅमेरा दिसतो, हिच्यावर सिनेमा बघता येतो, ही फोनला आपोआप जोडली जाते. बाई शाळेत बसल्यासारख्या ऐकत होत्या. मग तो म्हणाला, मावशी, तुम्ही स्वतःच बघा ना हात लावून.

बाईंनी दहा इंचीवरच्या नकाशाच्या चित्रावर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. धबधबा आपला कोसळतोच आहे.

सेल्समननं कापडानं काच पुसली. मग बाईंचं बोट पुसायला सांगितलं. मग बोटावर फुंकर मारायला, मग बोट किंचित ओलं करायला. बाईंनी सगळं केलं. काच ढिम्म. त्यानं स्वतः बोट टेकवलं, नकाशा उघडला. मुलानं टेकवलं, उघडला. बाईंनी टेकवलं, की मेला धबधबा. मुलाचा मोबाइलही आपल्या हातात चालत नाही हे त्यांना माहीत होतं, पण आजवर त्यांना वाटत होतं की पोरगा त्याला कुलूप लावून ठेवतो.

"चालेल, हीच द्या," मुलगा घाईघाईनं म्हणाला.

"चालेल काय? मला चालत नाहीये," बाई म्हणाल्या.

आणि इथं सेल्समननं, बिचाऱ्यानं भल्या मनानं, तोंड उघडलं. काळजी करू नका म्हणाला. तुमचा ड्रायव्हर परवाच येऊन बघून गेलाय, त्याला हीच पसंत पडलीय, सोमवारी कामावर आला की तो सगळं शिकून घेईल.

बाईंनी मुलाकडे बघितलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. ड्रायव्हर कोण, कधी ठरला, कुणी ठरवला, हे आता विचारायचीही गरज उरली नव्हती. एका शाळेच्या बसवर असलेला कुणी माणूस महिनाअखेरीला, म्हणजे उद्याच, ती नोकरी सोडणार होता. मुलानं त्याला गाडी दाखवली होती, फेऱ्या समजावल्या होत्या, वर त्याच्या आवडीची स्क्रीनही ठरवली होती. सगळं झालं होतं. फक्त जिची गाडी तिला सांगायचं राहिलं होतं. बाईंना आज इथं आणलं होतं ते पसंतीला नाही, मान डोलवायला.

राग तर आलाच, पण त्याआधी लाज वाटली. आपण किती हौसेनं आलो, केस विंचरून, चांगली चप्पल घालून, याची लाज. मग ती लाज गेली आणि नुसता राग उरला. बाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बरोबर स्क्रीनच्या भिंतीसमोर ठेवलं आणि त्यावर बसकण मारली.

"दुसरी दाखवा," त्या म्हणाल्या.

सेल्समननं दुसरी दाखवली, तिसरी दाखवली. बाईंनी पहिल्या ओळीतली प्रत्येक काच दाबून बघितली, मग दुसऱ्या ओळीतली. अंगठ्यानं, करंगळीनं, सगळ्या बोटांनी. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं आली होती, ती बघत उभी राहिली. मुलगा हळू आवाजात विनवू लागला, की आई चल, घरी बोलू. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी सेल्समननंही हात टेकले. मावशी, स्क्रीन सगळ्या नीट आहेत हो, म्हणाला, तुमच्या बोटांतच काहीतरी आहे.

"आहेच," बाई म्हणाल्या. "त्रेचाळीस वर्षांचं काम आहे. ते पुसून निघत नाही."

काचेचं दार ढकलून आतला फिटर बाहेर आला. चष्मा कपाळावर, खिशात टेस्टर, वय बाईंच्याच आसपास. तो त्यांच्यापुढे हात पसरून उभा राहिला. दहाही बोटांच्या टोकांना सोल्डरिंगचे जुने डाग, कातडी खरखरीत. ताई, या काचा मलाही ओळखत नाहीत, म्हणाला. गाडी तपासायची तर मी बोटाच्या पेरानं दाबतो आणि मनातल्या मनात शिव्या घालतो. मग त्यानं काउंटरखाली वाकून एक धुळकट पेटी काढली.

आत सात इंची स्क्रीन होती. दोन बाजूंना दोन जाडजूड गोल बटणं, खाली दाबायच्या सहा कळा. हिची काच जुन्या पद्धतीची, फिटर सांगू लागला. हिला बोट कुणाचं ते कळत नाही, नुसता दाब कळतो. बोटानं दाबा, नखानं दाबा, पेनच्या टोपणानं दाबा. बाईंनी दाबलं. नकाशा उघडला. त्यांनी तो बंद केला आणि पुन्हा उघडला. मग डोळे मिटून नुसत्या हातानं उजवं बटण शोधलं, फिरवलं, आणि नकाशा मोठा झाला. रस्त्यावरची नजर न काढता एवढं जमलं की झालं, त्यांना दुसरं काही नको होतं.

पण त्या भाबड्या नाहीत. रस्ता ऐनवेळी खणून ठेवला असेल तर ही सांगेल का, असं त्यांनी रोखठोक विचारलं. फिटरनंही खरं ते सांगितलं. नाही सांगणार. नकाशा मी नवा भरून देतो, नवे पूल येतील, एकदिशा रस्ते येतील, पण खड्डे हिला दिसत नाहीत. मात्र तुम्ही वळण सोडलंत, तर तिथून पुढचा रस्ता लगेच काढून देईल.

सेल्समनला राहवेना. मावशी, हे मॉडेल जुनं झालं, यावर सिनेमा दिसत नाही, म्हणाला.

"मला चादरी पोचवायच्यात," बाई म्हणाल्या.

आता मुलाचाही बांध फुटला. तो वाईट नव्हता हो, पण घाबरट होता. त्यानं सगळं एका दमात ओतलं. गुडघे दुखतात तुझे, मला दिसत नाही का, परवा जिना उतरताना कशी कठड्याला धरून उभी होतीस. उद्या त्या पुलावर काही झालं तर मी काय करू. मी रविवारी सांगणारच होतो. आणि किती दिवस चालवणार आहेस तू अजून?

हे सगळं खरं होतं, हीच तर पंचाईत होती. बाईंनी मनाशी ठरवलंही होतं, की पुढच्या वर्षी दुपारची फेरी सोडायची, मग हळूहळू सकाळचीही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते सुखानं, आपल्या पायांनी उतरणं झालं असतं. हे म्हणजे हाताला धरून उतरवणं होतं.

"मला विचारलं असतंस ना, तर कदाचित हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "विचारलं नाहीस. आता नाही."

बाईंनी फिटरला सांगितलं, की हीच बसवा, आणि मी बघत उभी राहणार आहे. दोन तास त्या व्हॅनच्या दाराशी उभ्या राहिल्या. डॅशबोर्डचं तोंड उघडलं, तारांचा गुंता बाहेर आला, नवी स्क्रीन आत गेली, बाजूची फट बुजवायला काळी चौकट बसली. सीटवर बसून हात कुठं पोचतो ते त्यांनी दोनदा करून बघितलं आणि चौकट बोटभर पुढं घ्यायला लावली. मुलगा पायरीवर बसून होता. त्यानं मध्येच पाणी आणून दिलं, ते त्या प्यायल्या आणि पुन्हा तारांकडे बघू लागल्या.

शेवटी फिटर म्हणाला, की माइक तपासायचा राहिलाय, एखादा फोन लावून बघावा लागेल. बाईंचा बटणांचा फोन लॉन्ड्रीत चार्जिंगला होता, म्हणून मुलाचा मोबाइल स्क्रीनला जोडला. बाई ड्रायव्हरच्या सीटवर, मुलगा शेजारी, फिटर खिडकीशी.

"कुणाला लावू?" मुलानं विचारलं.

"सोमवारी येणार आहे ना, त्याला लाव," बाई म्हणाल्या.

मुलानं आईकडे बघितलं. तिनं समोर बघत सीटचा पट्टा लावला. त्यानं मुकाट्यानं नंबर लावला. चारही स्पीकरांतून रिंग वाजली आणि मग एक मोकळा, खुशालचेंडू आवाज गाडीभर झाला.

"बोला साहेब! म्हातारीला पटलं का शेवटी?"

मुलाच्या डोळ्यांत पाणीच आलं. 'म्हातारी' हा शब्द त्याचा नव्हता, पण त्या माणसाला तो वापरायची मुभा आपणच दिली, हे त्याला त्या क्षणी कळलं. बाईंना तो शब्द छातीत लागला.

"म्हातारी बोलतेय," त्या म्हणाल्या. "नाही पटलं. गाडी मीच चालवते. तू आहेस ती नोकरी सोडू नकोस."

बाईंनी खालची कळ दाबून फोन बंद केला आणि गियर टाकला. चार वाजायच्या आत हिरवे झगे पोचवायचे होते.

फिटरनं खिडकीतून डोकं आत घातलं. "माइक नीट आहे ना? समोरच्याला ऐकू गेलं?"

उत्तर मुलानं दिलं. "गेलं," तो म्हणाला. "दोघांनाही गेलं."