एक व्हिसा, दोन खेळाडू

आमच्या क्रिकेट संघात एक रीत होती. ज्या खेळाडूविषयी बोलायचं असेल, त्याने उठून चहा करायला जायचं. तोंडावर बोलणं जड जातं, म्हणून कुणीतरी ती पाडली होती. एरवी पाण्याला उकळी येईपर्यंत विषय संपायचा.

त्या शुक्रवारी सकाळची मॅच हरून आम्ही बहरीनच्या नईम भागात, शेठच्या गोदामावरच्या खोलीत बसलो होतो. शेठ रत्नागिरीचे, हार्डवेअरचे व्यापारी, संघाचे मालक. खेळाडू निम्मे त्यांच्या गावाकडचे, निम्मे माझ्या नवऱ्यासारखे पुण्या-मुंबईचे ऑफिसवाले. मी खेळत नाही. पण मैदानाचं बुकिंग, गाड्या, पाणी, स्कोअर हे कुणीतरी बघावं लागतं. या लोकांवर सोडलं तर बॅट एका गाडीत आणि बॅट्समन दुसऱ्या गाडीत.

"मामू, आज तुमचा नंबर," शेठ म्हणाले.

मामू, आमचे सर्वांत जुने गोलंदाज, उठले. "साखर कमी कोणाला?" एवढं विचारून शेजारच्या स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं.

मामूंना शेठनीच बहरीनला आणलं होतं, गावच्या स्पर्धेतला त्यांचा यॉर्कर बघून. व्हिसा गोदामाचा. आठवडाभर माल चढवायचा-उतरवायचा, शुक्रवारी बॉलिंग टाकायची. दोन्ही कामांना खांदा एकच, आणि तो आता उतरत चालला होता. व्हिसाची मुदत संपत आली होती. शेठच्या मोबाइलमध्ये रायगडच्या एका खेळाडूचा व्हिडिओ होता. तो कीपिंग करायचा, सलामीला यायचा, वेळ पडली तर खालच्या नंबरलाही यायचा, ऑफस्पिनही टाकायचा.

"चपात्या पण लाटतो काय?" कुणीतरी विचारलं. सगळे हसले.

"सगळं येतं म्हणजे धड काहीच येत नाही," माझा नवरा म्हणाला. "शेवटच्या ओव्हरला तुमचा तो ऑफस्पिन टाकणार का? तिथे मामूच लागतात."

"आज शेवटची मामूंनीच टाकली ना? काय झालं?" दुसऱ्या एकाने विचारलं.

"कॅच सोडला तुम्ही!"

"कॅचचं सोडा. बाउंड्रीवरून थ्रो येतो का त्यांचा? घरंगळत येतो बॉल. समोरचे दोनाच्या जागी तीन पळतात."

अर्धा तास यॉर्कर, खांदा, वय, फिल्डिंग असंच चाललं. मी शेवटी म्हटलं, "शेठ, व्हिसा एकच आहे. नवा आला तर मामू कुठे जाणार?"

शेठ शांतपणे म्हणाले, "वहिनी, आपण क्रिकेटवर बोलतोय."

मग हात वर झाले. नव्याच्या बाजूने जास्त. माझ्या नवऱ्याने मामूंसाठी हात वर केला, बाकीचे बघून अर्ध्यातच खाली घेतला. मला मत नव्हतं.

"मामू, यल्ला, आणा चाय!" शेठनी हाक मारली. चहा केव्हाच झाला असणार. ते तो परत परत गरम करत आत थांबले होते. काळाकुट्ट, कडू चहा आला. सगळ्यांनी तो गुपचूप प्यायला.

जिन्यात मामूंनी मला गाठलं. "वहिनी, लीगच्या ग्रुपवर मला सोडल्याचं तुम्हीच लिहिणार ना? खांद्याचं लिहू नका. दुसऱ्या टीमवाले वाचतात. धाकट्या लेकीची नर्सिंगची दोन वर्षं राहिलीत अजून. तेवढी निघायला पाहिजेत इथे."

मामू 'घरगुती कारणामुळे' संघ सोडतायत, असं मी लिहिलं. दोन दिवसांनी मुहर्रकच्या एका संघाच्या मॅनेजरचा फोन आला. त्यांच्याकडे व्हिसा होता. "खांदा कसा आहे?" त्याने पहिलंच विचारलं. मी म्हटलं, स्वतः बघून घ्या.

पुढच्या शुक्रवारी मी मामूंना घेऊन गेले. गाडीत त्यांनी दोन गोळ्या घेतल्या. बॉलिंग चांगली पडली. एक यॉर्कर तर असा, की मॅनेजर उठून उभा राहिला. मग त्याने त्यांना बाउंड्रीवर पाठवलं आणि मुद्दाम त्यांच्याकडेच बॉल मारायला लावले. मामूंनी पहिला उचलला, हात मागे नेला, पण फेकायला लागणारा झटका खांद्याला झेपलाच नाही. बॉल त्यांनी खालून सरपटत टाकला. दुसराही तसाच.

"खलास," मॅनेजर माझ्याकडे न बघता म्हणाला.

परतताना उम्म अल हस्समचा सिग्नल आल्यावर मामू म्हणाले, "वहिनी, तिकीट तुम्हीच काढणार काय?"

"शेठनी मलाच सांगितलंय. रात्रीचं विमान स्वस्त आहे. पहाटे मुंबई, दुपारी जेवायला घरी."

"दुपारी नको." त्यांनी डावा हात उजव्या खांद्यावर धरला होता. "आमच्याकडे दुपारी सगळे ओट्यावर बसलेले असतात. सामान बघून विचारतील, परत कधी जाणार? अंधार पडल्यावर पोचेन, असं बघा."

मी गाडी बाजूला घेतली आणि मोबाइलवर बघितलं. सकाळी निघून दुपारी मुंबईला उतरणारं एक विमान होतं. पुढे गाडीने गावी पोचायला रात्रच होणार होती. मी तेच काढलं.