वाशीमहून खांडव्याचं तिकीट

पुणे स्टेशनच्या खिडकीमागच्या बाबूंनी माझी मागणी ऐकली आणि पेन खाली ठेवलं.

"अकोल्याला जायचं ना? मग भुसावळवरून सरळ जा. मनमाडला उतरून, छोट्या रुळाची गाडी धरून, औरंगाबाद, परभणी, पूर्णा, वाशीम असा सगळा मुलूख पालथा घालत अकोल्याला कोण जातं?"

"मी जाते," मी म्हणाले.

बारा वर्षं मी सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवत होते. पूर्णेहून वाशीम-अकोल्यावरून खांडव्याकडे वर चढणारी मीटरगेजची बारीक रेघ मी फळ्यावर निदान शंभरदा काढली असेल, पण स्वतः पुण्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. वाशीमला माझी ट्रेनिंग कॉलेजची मैत्रीण कुसुम राहत होती. या दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे दोन दिवस थांबून पुढे अकोल्याला जायचं आणि मोठ्या रुळाने घरी परतायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. अशा आडवाटेचं छापील पुठ्ठ्याचं तिकीट त्यांच्या कपाटात नव्हतंच. शेवटी बाबूंनी कागदी तिकिटांचं पुस्तक ओढलं, कार्बन सरकवला आणि एकेक जंक्शन जोर देऊन लिहिलं. ते तिकीट मी पर्समध्ये ठेवलं खरं, पण मनमाडपर्यंत चार वेळा काढून वाचलं.

तिसऱ्या वर्गाचं नाव नुकतंच पुसलं गेलं होतं. डब्यावर नव्या रंगात 'दुसरा वर्ग' असं लिहिलेलं, पण आतली लाकडी बाकडी आणि त्यांतले ढेकूण जुनेच होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पूर्णेला गाडी बदलली तेव्हा खिडकीची जागा मिळाली, एवढ्यावर मी खूश होते. हिंगोली मागे पडली, पैनगंगेचा पूल धडधडत ओलांडला आणि दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन पसरली. कापसाची बोंडं फुटली होती. ज्वारी इतकी उंच, की तिच्यातून चालणाऱ्या बायांची फक्त डोईवरची गाठोडी दिसत होती. इंजिनातला कोळशाचा कण डोळ्यात गेला तरी मी मान आत घेईना. समोरची म्हातारी शेवटी न राहवून म्हणाली, "काहून व बाई, एवढं काय पाहून राह्यली? पऱ्हाटीच तं हाय!" (पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड.)

वाशीमला उतरले ती थेट स्टेशनमास्तरांकडे गेले. वाटेत थांबायचं असेल तर तिकिटावर त्या स्टेशनची सही लागते, नाहीतर पुढचा प्रवास बाद होतो, हे मी वेळापत्रकाच्या मागच्या पानांवर वाचून ठेवलं होतं. मास्तर पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ होते. माझं हाताने लिहिलेलं तिकीट त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि मागे सही केली. "ही सही मागणारं माणूस मला वर्षाकाठी एखादंच भेटतं," ते म्हणाले. "बाकीचे नियम मोडल्यावरच विचारतात."

कुसुमने दोन दिवस मला खाऊ घालून बेजार केलं. पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत भाजी) खाताना माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून एकदमच पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतला. सकाळी बाजार, संध्याकाळी पद्मतीर्थाच्या काठाने फेरी असे ते दिवस गेले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सामान बांधत होते, तेव्हा शेजारची विमल धावतच दारात आली. तिच्या हातात एक सरकारी लिफाफा होता.

विमल इंगोले, वय बावीस. तिचे आईवडील तिकडे इंझोरीला शेती करत होते. ती इथे आत्याकडे राहायची आणि गेले सहा महिने रोज रेल्वेने अकोल्याला जाऊन एका कचेरीत तात्पुरती टायपिस्ट म्हणून काम करायची. लिफाफ्यात कायम नेमणुकीचा हुकूम होता. उद्या सकाळी साडेअकरापर्यंत हजर व्हावं, न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल, असं खाली लिहिलं होतं.

"आमच्या घरात पयलीच कायम नोकरी हाय बाई," ती म्हणाली. तिला धाप लागली होती आणि हसूही आवरत नव्हतं.

"मग अकोल्यातच खोली का नाही घेत?" मी विचारलं.

"पाह्यल्या ना तीन. भाडं ठरते, मंग आडनाव इचारते, मंग म्हनते खोली कालच देऊन टाकली." तिने खांदे उडवले. "महिन्याचा पास बरा. पासाले आडनाव चालते."

सकाळी सातच्या पॅसेंजरने आम्ही दोघी सोबत जायचं ठरलं.

आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा फलाटावर रोजची दहा-बारा माणसं उभी होती. कचेऱ्यांतले कारकून होते, कॉलेजची दोन मुलं होती, कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेब लिहिणारे अब्दुलभाई होते. सगळे विमलला ओळखत होते. हुकुमाची बातमी कळताच अब्दुलभाईंनी स्टेशनबाहेरून गरम आलुबोंडे आणले आणि सगळ्यांना वाटले. तेवढ्यात पाटी लागली, की पॅसेंजर तीन तास उशिरा येणार.

विमलने हातातला आलुबोंडा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. पहिली एसटी निघून गेली होती आणि दुसरी दहाला होती. उशिराची पॅसेंजर धरली काय किंवा ही एसटी धरली काय, अकोल्याला पोचायला दुपारचा एक वाजणार होता.

"पण आठला अजमेरकडची जलद गाडी आहे ना?" मी म्हणाले. "माझं तिकीट तिला चालतं."

"तुमचं चालते बाई," अब्दुलभाई म्हणाले. "आमचा पास त्या गाडीले चालत नाई. आन् अकोल्याचं साधं तिकीट मांगतलं तं देत नाई, जवळच्या पल्ल्याले मनाई हाय. गाडी आमच्या डोळ्यांसमोर अर्धी रिकामी जाते. दरवर्षी अर्ज देतो आमी, जवाब नाई."

मी वेळापत्रक काढून मागची पानं चाळली. अब्दुलभाईंचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पण मनाई फक्त जवळच्या तिकिटाला होती. लांबचं तिकीट काढून आधीच्या स्टेशनवर उतरायला कुठेही बंदी नव्हती.

"विमल, खांडव्याचं तिकीट काढ! अकोल्याला उतरून जा."

"खांडवा तं दूर हाय बाई."

"पैसे मी देते."

"नाई, पैसे हायेत माह्याजवळ. आत्यानं साडीसाठी देल्ले." आणि ती खिडकीकडे पळाली.

ती परत आली ती पांढरी पडून. "खांडव्याचे तिकिटं संपले म्हनते. नवा गठ्ठा आला नाई म्हनते."

मग मीच गेले. खिडकीतला तरुण बाबू माझ्याकडे न बघताच म्हणाला, "छापील तिकीट नाई तं मी काय करू?"

"मग कागदावर लिहून द्या."

"त्याले वेळ लागते. गाडी दहा मिनिटांत येऊन राह्यली. आन् या पोरीले खांडव्याले नाई जाचं, अकोल्याले जाचं हाय. मी रोज पाहतो तिले."

माझे कान तापले. शाळेत मी आवाज न चढवता बोलते अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी पर्समधून माझं तिकीट काढलं, खिडकीच्या काचेवर उघडं धरलं आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे बघा! पुण्याच्या बाबूंनी सगळी जंक्शनं हाताने लिहिली. तुम्हाला फक्त दोन गावं लिहायची आहेत. प्रवासी कुठे उतरणार हे विचारायचं तुमचं काम आहे का?"

पासवाले सगळे माझ्यामागे येऊन उभे राहिले. गलका ऐकून मास्तर बाहेर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. विमलने हुकुमाचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि खिडकीत वाकून म्हणाले, "पुस्तक काढा. छापील नसलं तर लिहून द्यायचं, हाच नियम आहे."

सिग्नल पडला होता. बाबू लिहीत होता आणि मी खिडकीशी उभी राहून त्याच्या प्रत्येक अक्षरासोबत श्वास घेत होते. गाडी धुरासकट आत आली. इंजिनाने पाणी भरून घेतलं. गार्डाने हिरवं निशाण काखेतून काढलं, तसे अब्दुलभाई लगबगीने त्याच्याकडे गेले आणि फार आदराने एक आलुबोंडा पुढे करून त्याच्या घरच्यांची खुशाली विचारू लागले. तेवढ्या अर्ध्या मिनिटात विमलच्या हातात तिकीट पडलं. आम्ही धावलो. कॉलेजच्या मुलांनी माझी ट्रंक आत ढकलली आणि शेवटी बहुधा मलाही ढकललं.

गाडी हलल्यावर मी मागे पाहिलं. पासवाले सगळे फलाटावरच उभे होते. त्यांचा प्रत्येकाचा अर्धा दिवस बुडणार होता. तरी ते टोप्या आणि डबे हलवून ओरडत होते, "पेढे आनजो विमल! इसरू नको!"

जऊळका मागे पडलं आणि तिकीट तपासनीस डब्यात आला. विमलने माझा हात घट्ट धरला. त्याने तिचं तिकीट उलटसुलट करून पाहिलं.

"खांडवा? सामान कुठं हाय तुमचं?"

"नाई सामान."

"खांडव्याले काय काम हाय?"

मी काही बोलणार एवढ्यात विमल सरळ बसली. "काईच काम नाई साहेब. मले अकोल्याले हजर व्हाचं हाय. अकोल्याचं तिकीट तुमी देत नाई, म्हनून खांडव्याचं घेतलं. पैसे पूरे भरले."

तो मोठ्याने हसला. "माह्या नोकरीत मले कोनी इतकं खरं नाई सांगतलं," असं म्हणून त्याने तिकिटाला भोक पाडलं आणि परत दिलं. त्यानंतर कुठे तिने थंड झालेला आलुबोंडा काढला, अर्धा मला दिला, आणि आम्ही दोघी खाताखाता उगीचच हसत सुटलो. बाहेर पळसाची झाडं, नाले, कापसाने भरलेल्या गाड्या मागे पळत होत्या. इतका सुंदर मुलूख मी त्याआधी पाहिला नव्हता.

अकोल्याला टांग्याने आम्ही कचेरी गाठली तेव्हा अकराला पंधरा मिनिटं होती. मी दाराशी थांबले. आतल्या कारकुनाने रजिस्टर फिरवून तिच्यापुढे सरकवलं. तिने पदराला हात पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं, अशी सही केली. बाहेर येऊन ती माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिला वर ओढून मिठीच मारली.

परतीच्या मोठ्या गाडीला वेग होता, गर्दीही होती. माझा उत्साह मनमाडपर्यंत टिकला. नंतर मात्र मला फलाटावरची ती टोप्या हलवणारी माणसं दिसायला लागली. एका मुलीला आम्ही नियमाच्या फटीतून पलीकडे नेलं होतं. नियम होता तिथेच होता आणि बाकीची माणसं त्याच्या अलीकडे उभी होती.

सांगलीला आल्यावर महिन्याभरात विमलचं पत्र आलं. पासवाल्यांचा नवा अर्ज आता तिने स्वतः टाइप केला होता, तीन प्रतींत. जुन्या अर्जांना रेल्वेचं उत्तर अजून आलं नव्हतं. खोलीही मिळाली नव्हती. खाली लिहिलं होतं: "पहिल्या पगारात आत्याले साडी घेतली. अब्दुलभाई म्हनते, अर्जावर बाईंची सही पाह्यजे. तुमच्यापाशी पास नाई हे मी त्याईले सांगतलं, पन ते ऐकत नाई."

सोबत अर्जाची शेवटची प्रत होती. सह्यांच्या ओळीत शेवटची जागा मोकळी ठेवली होती. मी लगेच पेन घेतलं, माझं नाव लिहिलं आणि धंद्याच्या रकान्यात सवयीने लिहिलेलं 'शिक्षिका' खोडून 'प्रवासी' असं लिहिलं.